पॉइंटमधला पाव, पॉइंटमधला पाऊण

कर्जत आणि खालापूर तालुक्यातल्या सगळ्या गटांना, नेरळ, कशेळे, कडाव, चौक, खोपोलीकडच्या वाड्यापाड्यांवर रेडिओ लावून बसलेल्या ताईंना, मावश्यांना, आज्यांना आम्हां समन्वयकांचा नमस्कार. आज हिशोबाची एकच गोष्ट घेऊन आलोय. हाताशी गटाची वही आणि पेन्सिल असेल तर बरं. नसेल तर चुलीपुढची राख किंवा अंगणातली माती चालेल, बोटानं लिहिता येईल.

विषय आहे पॉइंटचा. आकड्यांच्या मध्ये जो ठिपका असतो, तो. वजनकाट्यावर ०.७५० दिसतं. दूध डेअरीच्या चिठ्ठीवर ३.५ असतं. सातबाऱ्यावर तर एका क्षेत्राला दोन दोन ठिपके. बैठकीत आम्ही विचारलं, की बायका म्हणतात, "ते पॉइंटचं आम्हांला नाही कळत, मुलगा वाचतो." आणि त्याच बायका सव्वादोन किलो तांदळाचे पैसे तोंडी सांगतात. म्हणजे हिशोब येतो. फक्त तो दुसऱ्या लिपीत लिहिला, की अडतं. ही लिपी आज आपल्या बोलीत आणायची आहे.

आपली बोली या बाबतीत मोठी श्रीमंत आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन. ओटीत सव्वा रुपया ठेवतो, देवीची शक्तिपीठं साडेतीन, मुहूर्त साडेतीन. जुन्या शाळेत शिकलेल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढे पाठ करून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. या सगळ्यांना शाळेच्या भाषेत अपूर्णांक म्हणतात. अपूर्णांकात दोन आकडे असतात, एक वर, एक खाली. खालचा, म्हणजे छेद, सांगतो की वस्तूचे सारखे भाग किती केले. वरचा, म्हणजे अंश, सांगतो की त्यातले आपण घेतले किती. भाकरीचे चार तुकडे केले आणि तीन वाढले, तर वर ३, खाली ४. हीच पाऊण भाकरी.

मग हा ठिपका आला कुठून? पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते. सोळाचे अर्धे आठ, त्याचे अर्धे चार, त्याचे अर्धे दोन, त्याचा अर्धा एक आणा. आपल्या घडी घालण्यासारखंच ते. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. पुढच्याच वर्षापासून शेर-छटाक जाऊन टप्प्याटप्प्यानं किलो-ग्रॅम आले. दहा, शंभर, हजार अशा भागांचा हिशोब सुरू झाला, आणि तो लिहायला ठिपका सोयीचा पडला. तोंडात मात्र आपण पाव-पाऊणच ठेवले. त्यामुळे कागद एक बोलतो आणि आपण दुसरं बोलतो. पिकाची पैसेवारी बघा. आधी ती आणेवारी होती, सोळा आण्यांत आठ आणे म्हणजे अर्धं पीक. आता तेच ५० पैसे लिहितात. आकडा बदलला, अर्ध्याचं अर्धंच राहिलं.

आता रीत ऐका. तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी. ठिपक्यानंतर किती आकडे आहेत ते मोजा. ०.७५ मध्ये दोन आहेत, सात आणि पाच.

दुसरी पायरी. ठिपका काढून टाका आणि तो आकडा वर लिहा. खाली एक लिहून, ठिपक्यानंतर जितके आकडे होते तितकी शून्यं द्या. एक आकडा असेल तर खाली १०, दोन असतील तर १००, तीन असतील तर १०००. म्हणून ०.७५ म्हणजे वर ७५, खाली १००. रुपयाच्या शंभर पैशांतले पंचाहत्तर. शाळेतली मुलं ही संख्या "शून्य पूर्णांक पंचाहत्तर शतांश" अशी वाचतात. शतांश म्हणजे शंभरावा भाग. वाचण्यातच उत्तर आहे. आपण घाईत "पॉइंट पंचाहत्तर" म्हणतो आणि शंभर गिळून टाकतो.

तिसरी पायरी. आकडे लहान करा. वरच्याला आणि खालच्याला एकाच संख्येनं भाग द्या. ७५ ला पाचानं भागलं, १५. शंभराला पाचानं भागलं, २०. झाले १५/२०. पुन्हा पाचानं, ३/४. आता पुढे भाग जात नाही. थांबा. ०.७५ म्हणजे ३/४, म्हणजे पाऊण. याला संक्षिप्त रूप म्हणतात. भाग लहान केले म्हणून वस्तू कमी होत नाही. भाकरीचे आठ तुकडे करून सहा खाल्ले काय, चार करून तीन खाल्ले काय, पोटात पाऊण भाकरीच गेली.

इथे बायका विचारतात, "भाग कशानं द्यायचा हे कळायचं कसं?" त्याचं उत्तर सोपं आहे. खाली नेहमी १०, १०० किंवा १००० असतं, आणि दहा म्हणजे दोन गुणिले पाच. शंभर आणि हजारही दोन आणि पाचांचेच बनलेले. म्हणून फक्त दोन आणि पाच करून बघायचे. तीन, सात, नऊ यांच्या नादी लागायचं नाही. दोन्ही आकडे सम असतील तर दोननं भागा. दोन्हींच्या शेवटी शून्य किंवा पाच असेल तर पाचानं भागा. दोन्हींपैकी काहीच जमत नसेल, तर काम संपलं.

काट्यावरचं एक उदाहरण करू. आपल्याकडचे कडवे वाल घ्या. किलोला १६० रुपये भाव धरू. काट्यावर दिसलं ०.८७५. ठिपक्यानंतर तीन आकडे, म्हणून वर ८७५, खाली १०००. पाचानं भागलं, १७५/२००. पुन्हा पाचानं, ३५/४०. पुन्हा पाचानं, ७/८. म्हणजे किलोचे आठ भाग केले, त्यातले सात. किलोचा आठवा भाग म्हणजे अर्धा पाव, सव्वाशे ग्रॅम. १६० चे आठ भाग केले की एक भाग २० रुपयांचा. सात भाग १४० रुपयांचे. समोरच्यानं १३० हातावर ठेवले, तर दहा रुपये कमी आहेत हे तिथल्या तिथे बोलता येतं. यंत्र काढायला नको, कुणाला विचारायला नको.

दुसरं उदाहरण, काट्यावर ०.३५०. शेवटचं शून्य आधीच सोडा, ०.३५ राहिलं. वर ३५, खाली १००. पाचानं भागून ७/२०. १६० चे वीस भाग, एक भाग आठ रुपयांचा, सात भागांचे ५६ रुपये.

सगळेच आकडे इतके सरळ येत नाहीत. ०.३४० आलं तर १७/५० होतं, आणि त्याचा तोंडी हिशोब त्रासाचा आहे. अशा वेळी जवळचा ओळखीचा भाग धरा. ०.३४ म्हणजे एक तृतीयांशाहून थोडंसं जास्त. १६० चा तिसरा भाग सुमारे ५३, तेव्हा पैसे ५४ च्या आसपास यायला हवेत. नेमके ५४ रुपये ४० पैसे होतात. अंदाज जवळ असला की चाळीस किंवा साठ कुणी सांगितले तर कान टवकारतात, आणि तेवढंच हवं असतं.

ठिपक्याच्या आधी आकडा असेल तर तो पूर्ण आहे, त्याला बाजूला ठेवा आणि फक्त मागच्याचं रूप बदला. २.७५० म्हणजे दोन पूर्ण आणि ३/४, पावणेतीन. १.२५ म्हणजे सव्वा. २.५ म्हणजे अडीच.

आता शून्याकडे बघू, कारण नुकसान बहुतेक वेळा शून्यातच होतं. ०.५, ०.५० आणि ०.५०० हे तिन्ही अर्धेच. ५/१०, ५०/१००, ५००/१०००, तिघांचंही संक्षिप्त रूप १/२. म्हणजे ठिपक्याच्या मागच्या आकड्यांत अगदी शेवटी असलेल्या शून्याला किंमत नाही. पण ठिपक्याला लागून आलेल्या शून्याला फार किंमत आहे. ०.०५ म्हणजे ५/१००, म्हणजे १/२०. किलोत ते ५० ग्रॅम, आणि ०.५ म्हणजे ५०० ग्रॅम. एक शून्य सरकलं आणि दहापट फरक पडला. तसंच ०.८ आणि ०.७५ मध्ये मोठं कोण? आठापेक्षा पंचाहत्तर मोठे वाटतात. पण ०.८ म्हणजे ८०/१००, आणि ०.७५ म्हणजे ७५/१००. ०.८ मोठं.

वेळेचंही बघा. भात लावणीच्या आधी चिखलणीला भाड्याचं यंत्र येतं. कागदावर १.२५ तास लिहिलं आणि तासाला ८०० रुपये. १.२५ तास म्हणजे सव्वा तास, एक तास पंधरा मिनिटं. पैसे १०००. पण लिहिणाऱ्याच्या मनात एक तास पंचवीस मिनिटं असतील तर रक्कम वेगळी होते. म्हणून आधी विचारायचं, "भाऊ, हा सव्वा तास का एक तास पंचवीस मिनिटं?" प्रश्न विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. पैसे आपले आहेत.

आता गटाच्या व्याजाकडे येऊ. शेकडा दोन रुपये महिना म्हणजे २/१००, ठिपक्यात ०.०२, लहान करून १/५०. दहा हजारांच्या कर्जाचा पन्नासावा भाग २००, हे महिन्याचं व्याज. या रूपाचा एक फायदा आहे, तो लक्षात ठेवा. मुद्दल तसंच ठेवून नुसतं व्याज भरत राहिलं, तर किती महिन्यांत व्याज मुद्दलाएवढं होतं? वर एक असेल तर खालचा आकडाच ते सांगतो. १/५० असेल तर पन्नास महिने. बाहेर कुणी शेकडा पाचानं पैसे देत असेल, तर ०.०५, म्हणजे १/२०, वीस महिन्यांत मुद्दलाएवढं व्याज. शेकडा दहानं घेतले तर १/१०, दहा महिन्यांत. लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी घाईत पैसे उचलताना "फक्त पाच टक्के" ऐकायला लहान वाटतं. ते १/२० करून बघितलं की वजन कळतं.

बँकेचा किंवा पतसंस्थेचा दर वर्षाचा असतो, हे विसरू नका. समजा वर्षाला १२.५ टक्के. टक्के म्हणजे शंभरात, म्हणून १२.५/१००. वरचा ठिपका घालवायला दोन्हींना दहानं गुणा, १२५/१०००. पाचानं तीनदा भागलं की १/८. म्हणजे आठ हजारांवर वर्षाला एक हजार. आणि आपले शेकडा दोन महिन्याला म्हणजे वर्षाला २४, ०.२४, म्हणजे ६/२५. दोन दर समोरासमोर ठेवायचे तर दोन्ही वर्षाचे करा, नाहीतर दोन्ही महिन्याचे.

आणि आता जमीन. हा विषय आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला, कारण इथे चुकलं तर दुरुस्त करायला वर्षं जातात. आपल्या दोन्ही तालुक्यांत मुंबई-पुण्याच्या लोकांना फार्महाउस हवीत, रस्ते आणि रेल्वेची कामं होतात, दलाल दारात येतात. मग माहेरून निरोप येतो, "ताई, सही करायला ये." त्या कागदावर ठिपक्याचा एक आकडा असतो, आणि आपण तो न वाचता अंगठा देतो.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं असतं. ०.६०.०० म्हणजे शून्य हेक्टर, साठ आर, शून्य चौरस मीटर. शंभर आरांचा एक हेक्टर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच, गुंठा किंचित मोठा, सुमारे १०१ चौरस मीटर, आणि आर बरोबर १०० चौरस मीटर. चाळीस गुंठ्यांचा एकर. तेव्हा ०.६० हेक्टर म्हणजे ६०/१००, लहान करून ३/५ हेक्टर, साधारण दीड एकर. तिथे ०.०६.०० असेल तर ते सहा आर, साधारण सहा गुंठे. दीड एकर आणि सहा गुंठे यांत फरक फक्त शून्याच्या जागेचा आहे.

समजा वडील गेले, मागे आई, दोन भाऊ आणि एक बहीण. चौघांचा सारखा वाटा धरला तर प्रत्येकाचा १/४, म्हणजे ०.२५. आता ज्यावर सही मागतात त्या कागदावर बहिणीपुढे "०.२५" लिहिलंय. हे ०.२५ कशाचं? वाट्याचं असेल तर साठ आरांचा पाव, पंधरा आर. हेक्टरचं असेल तर पंचवीस आर. म्हणून अपूर्णांक दिसला की पहिला प्रश्न हा, "कशाचा पाव?" नुसता पाव कधीच नसतो. पाव किलोचा असतो, रुपयाचा असतो, शेताचा असतो.

तीन वाटेकरी असतील तर वेगळीच गंमत होते. एकाला तीननं भागलं की ०.३३३३ असं येतच राहतं, संपत नाही. कारण आपण मघाशी पाहिलं, दहा, शंभर, हजार हे दोन आणि पाचांचेच बनलेले आहेत. त्यांचे तीन सारखे भाग पडतच नाहीत. अशा न संपणाऱ्या आकड्याला खाली दहा घेऊन चालत नाही, नऊ घ्यावे लागतात. का ते पाहा. ०.३३३… ची दहापट ३.३३३…. त्यातून एकपट वजा केली की मागची शेपूट जाते, नेमके ३ उरतात. म्हणजे नऊपट बरोबर ३, आणि एकपट बरोबर ३/९. तीननं भागून १/३. या एकाच जागी तीन उपयोगी पडला, कारण खाली नऊ आहे. तसंच ०.६६६… म्हणजे ६/९, म्हणजे २/३.

याचा व्यवहारात अर्थ काय? कुणी कागदावर तिघांपुढे ०.३३ लिहिलं, तर तिघांचे मिळून ०.९९ होतात. ०.०१, म्हणजे शंभरावा भाग, कुणाच्याच नावावर नाही. मोबदला दहा लाखांचा असेल तर तो शंभरावा भाग दहा हजार रुपयांचा आहे. म्हणून अशा ठिकाणी ठिपका नको, "एक तृतीयांश" असं अक्षरी आणि १/३ असं आकड्यांत लिहून मागा. तपासायची रीतही सोपी, सगळ्यांचे वाटे मिळवा, बेरीज बरोबर एक यायला हवी.

कायद्याचं दोन शब्दांत सांगतो. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाएवढाच जन्मापासूनचा हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. आपल्या ठाकर, कातकरी आणि इतर आदिवासी भगिनींना हा कायदा असाच्या असा लागू होत नाही, आणि आदिवासींची जमीन बिगर आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, म्हणून त्यांनी वेगळा सल्ला घ्यावा. विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. हक्क सोडायचा की ठेवायचा, हे ज्या त्या बाईनं ठरवावं. भावावर माया असेल, स्वखुशीनं सोडत असेल, तर तोही तिचाच अधिकार. पण आपण साठातले पंधरा आर सोडतोय, की सहातला दीड, हे कळून सोडावं.

एक गोष्ट मुलींसाठी. आपल्या या देशात गणिताचं एक फार जुनं पुस्तक आहे, "लीलावती". भास्कराचार्यांनी ते ११५० साली लिहिलं, आणि त्यातली कितीतरी गणितं एका मुलीला उद्देशून विचारलेली आहेत. अपूर्णांकांचीही आहेत. तेव्हा "हिशोब बायकांचं काम नाही" असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

आता पुढच्या बैठकीचं काम. प्रत्येकीनं घरातला ठिपक्याचा एक आकडा आणायचा. दुधाची चिठ्ठी, रेशनची पावती, सातबारा, काहीही. दहा मिनिटं त्यासाठी ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगायचं, लिहिणारीनं वहीत उतरवायचं. शाळेत जाणारी मुलगी सोबत आणली तरी चालेल. आणि आजच्यासाठी तीन आकडे देतो. ०.६२५ किलो वाल १६० रुपये भावानं किती रुपयांचे? शेकडा अडीच रुपये महिना म्हणजे कितवा भाग, आणि नुसतं व्याज भरत राहिलं तर किती महिन्यांत मुद्दलाएवढं होईल? ०.४५ हेक्टरचे तीन सारखे वाटे केले तर प्रत्येकीला किती आर?

पहिल्याचं उत्तर १०० रुपये. दुसऱ्याचं १/४० आणि चाळीस महिने. तिसऱ्याचं पंधरा आर. उत्तरं आधीच सांगितली, कारण रीत कशी लावली तेच बैठकीत ऐकायचं आहे. जिला आधी जमेल तिनं शेजारच्या दोघींना समजावून सांगावं. येतो आम्ही. नमस्कार.